उतू गेलेलं दूध आणि तापलेली परै

तमिळनाडूतलं नृत्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? मी सांगते. भरजरी साडी, केसांत गजरा, पायांत घुंगरू आणि ‘तै या तै’च्या तालावर चालणारं भरतनाट्यम्. होय ना? पण जानेवारी २०२४ मध्ये तंजावरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी जो नाच पाहिला, त्यात भरतनाट्यम् नावालासुद्धा नव्हतं. तिथं होते शेतातले, देवळापुढचे, रस्त्यावरचे नाच. आणि ते नाचणारी मंडळीही गंमतशीर होती. शाळेतली मुलं तर होतीच, पण त्यांच्याबरोबर कॉलेजातले पंचवीस ताई-दादा, गावातल्या चार-पाच ताया आणि एक सत्तरी ओलांडलेले आजोबा. त्या आजोबांसाठीच खरं तर मी हे लिहितेय. पण आधी तुम्हांला तिथपर्यंत न्यायला हवं.

माझी मावसबहीण तंजावरला बँकेत आहे. तिच्या शेजारी राहणाऱ्या बाई जवळच्या गावातल्या सरकारी शाळेत शिकवतात. पहिली ते आठवीची शाळा, एकशे दहा पोरं. ‘आमच्या शाळेतला पोंगल बघायला या’ असं त्यांनी दोन वर्षं लावून धरलं होतं. मी चार दिवसांची रजा टाकली आणि निघाले. पुण्याहून चेन्नई, आणि चेन्नईहून रात्रीच्या गाडीनं सुमारे साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला. सकाळी खिडकीतून बाहेर पाहिलं तर काय, नजर पोचेल तिथवर भात! कावेरी नदी इथं हाताच्या बोटांसारखी पसरते. कोल्लिडम, वेण्णार, वेट्टार अशी त्या बोटांची नावं. म्हणून तर या भागाला तमिळनाडूचं भाताचं कोठार म्हणतात. सांबा नावाचा भाताचा हंगाम जानेवारीत कापणीला येतो. नवं भात घरात येतं, तेव्हा सूर्याचे, पावसाचे, गुराढोरांचे आभार मानायचे, तो पोंगल. आपल्या संक्रांतीच्याच सुमाराला.

तंजावरला गेलात तर पहिला धक्का तुम्हांला मोठ्या देवळात बसेल. बृहदीश्वराचं हे देऊळ राजराज चोळ राजानं बांधलं, ते १०१० साली पुरं झालं. शिखराची उंची जवळजवळ ६६ मीटर, म्हणजे एकावर एक वीसेक मजले रचा! पण धक्का उंचीचा नव्हे. प्रदक्षिणा घालता घालता मी एका भिंतीपाशी थबकले. दगडावर अक्षरं होती आणि ती मला चक्क वाचता येत होती. मराठी! शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथं भोसल्यांचं राज्य होतं. त्यांतल्या सरफोजीराजांनी १८०३ साली आपल्या घराण्याची हकिगत या भिंतींवर कोरून ठेवली. जगातल्या मोठ्यात मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. चहूकडे तमिळ कानांवर पडत असताना आपली अक्षरं अशी भेटली की घरचं माणूस भेटल्यासारखं होतं, बरं का.

याच देवळात आणखी एक गंमत आहे. वरच्या ओवरीत नृत्याच्या मुद्रा कोरल्या आहेत. शास्त्रात अशी १०८ करणं सांगितली आहेत. इथं ८१ कोरून झाली आणि पुढचे दगड कोरेच राहिले. का राहिले, देव जाणे! राजराजानं या देवळासाठी ठिकठिकाणांहून सुमारे चारशे नर्तकी आणल्या, त्यांची नावं आणि त्यांना दिलेली घरं भिंतीवर लिहून ठेवली. आणि पुढे सरफोजीराजांच्याच काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्यम्‌च्या कार्यक्रमाचा क्रम बसवला. तेव्हा नाचाच्या बाबतीत तंजावर म्हणजे काही साधंसुधं गाव नाही.

पण मघाशी म्हटलं ना, त्याच लेखांत गावाच्या एका वेगळ्या वस्तीचाही उल्लेख येतो. परैच्चेरी. म्हणजे परै वाजवणाऱ्यांची वस्ती. हा शब्द ध्यानात ठेवा हं.

आता शाळेकडे. पोंगलची सुट्टी लागायच्या आधी तिथल्या शाळांमधून ‘समत्तुव पोंगल’ साजरा करतात. समत्तुव म्हणजे समता. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, या आळीतले, त्या आळीतले, सगळ्यांनी मिळून एका मडक्यात पोंगल शिजवायचा आणि एकत्र बसून खायचा. त्या वर्षी शाळेत राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर होतं. आपल्याकडेही कॉलेजातली मुलं ‘एनएसएस’च्या शिबिराला जातात, तुमच्यापैकी कुणाचे ताई-दादा गेलेही असतील. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली ही योजना सुरू झाली. सात दिवस एखाद्या गावात राहायचं, रस्ता झाडायचा, झाडं लावायची, मुलांना शिकवायचं. ही पंचवीस मंडळी शाळेच्याच दोन खोल्यांत मुक्कामाला होती. दिवसा त्यांनी शाळेची भिंत रंगवली, शोषखड्डा खणला. संध्याकाळी मात्र नाचाची तालीम!

त्यांच्या मदतीला गावातल्या ताया होत्या. कोरोनाच्या काळात शाळा बंद पडल्या, तेव्हा मुलं लिहायला-वाचायला विसरू लागली. म्हणून तमिळनाडूत २०२१ साली ‘इल्लम् तेडि कल्वी’, म्हणजे ‘शिक्षण आपल्या दारी’, अशी योजना सुरू झाली. गावातल्याच शिकलेल्या बायकांनी संध्याकाळी ओसरीवर, देवळात, झाडाखाली पोरांना घेऊन बसायचं. या ताया त्यांतल्याच. पोरांना त्या टीचर वाटतच नव्हत्या. ‘अक्का, अक्का’ करत ती त्यांच्या पदराला लोंबकळायची.

गुरुवारी संध्याकाळी मी तालीम पाहिली. काय सांगू तुम्हांला! एका कोपऱ्यात कुम्मी. बायका-मुली गोल करून टाळ्यांच्या तालावर फिरतात, वाद्य लागतच नाही. आपल्या फेराच्या नाचाची सख्खी बहीण. दुसरीकडे ओयिलाट्टम. एका रांगेत उभं राहून हातांतले रंगीत रुमाल झुलवत नाचायचं. पूर्वी तो फक्त पुरुषच करायचे, आता मुली त्यांच्या वरताण करतात. तिसरीकडे कोलाट्टम, म्हणजे आपल्या टिपऱ्या. त्याच्यातच दोऱ्या विणायचा एक प्रकार आहे, पिन्नल कोलाट्टम. दोऱ्या हातांत धरून आतबाहेर नाचत वेणी घालायची आणि उलटं नाचून उलगडायची. अगदी आपला गोफ! मी त्यांना कागदावर आमच्या गोफाची आकृती काढून दाखवली, तर एका दादानं तिथल्या तिथं दोन पोरांना पकडून ती करूनच पाहिली.

दोन मुलं लाकडी पायांवर चढून धडपडत होती. कमरेला कागदाचा घोडा. हा पोय्क्काल कुदिरै, म्हणजे खोट्या पायांचा घोडा. तंजावर भागाची ही खासियत, आणि तो मराठ्यांच्या काळात आला असं तिथले लोक सांगतात. पाय दीडेक फूट उंच. त्यावर नुसतं उभं राहून दाखवा, मग बोला! करगाट्टम शिकवणारी अक्का तर डोक्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून चालता चालता वाकून जमिनीवरचा रुमाल उचलत होती. पहिलीची पोरं रिकामे डबे डोक्यावर ठेवून तिच्यामागे, आणि दर मिनिटाला एक डबा खणाण्!

या सगळ्यांपासून लांब, पाण्याच्या टाकीच्या मागे, परैची तालीम चालली होती.

परै म्हणजे एका बाजूनं चामडं लावलेलं, थाळीसारखं उथळ वाद्य. कडुनिंबाच्या लाकडाचे तीन वाकवलेले तुकडे जोडून कडं करतात आणि त्यावर चामडं चिंचोक्याच्या खळीनं चिकटवतात. पट्टा खांद्यात अडकवायचा, डाव्या हातात लांब बारीक काठी, उजव्या हातात आखूड जाड काठी, आणि वाजवता वाजवता नाचायचं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हलगी! मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे जत्रेत, कुस्तीच्या फडात, बैलांच्या मिरवणुकीत हलगी कडाडते, तेव्हा म्हाताऱ्याचेही पाय थिरकतात. ती वाजवणाऱ्यांनी, मातंग समाजातल्या कलाकारांनी, ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आणि त्यांना बसायला जागा कुठं मिळायची, हे तुमच्या आजी-आजोबांना विचारा.

परैचं तसंच झालं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ ग्रंथांत परैला मोठा मान आहे. डोंगराळ मुलखाची परै वेगळी, समुद्रकाठची वेगळी, शेतीच्या मुलखाची आणखी वेगळी. दवंडी पिटायला परै, पुराची सूचना द्यायला परै. ‘परै’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘सांगणं’ असाही होतो. पुढे ती मुख्यतः मयताच्या वेळी वाजू लागली, वाजवणाऱ्यांना अस्पृश्य ठरवलं गेलं. इंग्रजीत वाळीत टाकलेल्या माणसाला ‘परिया’ म्हणतात ना, तो शब्द इथूनच गेला. मला विचाराल तर एका वाद्याच्या नावाची शिवी होऊन साऱ्या जगभर पसरावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

आता त्या आठवड्यात काय घडलं ते ऐका. हे मला बाईंनी सांगितलं.

शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी कॉलेजच्या मुलांनी सहा परै बाहेर काढल्या. त्यांना दोन-तीनच ताल येत होते. त्यांनी मुलांना विचारलं, “तुमच्या गावात परै चांगली कोण वाजवतं?” सगळी गप्प. मग पहिलीतल्या एका चिमुरडीनं बोट दाखवलं, “त्याचे तात्ता!” तात्ता म्हणजे आजोबा. बोट होतं सातवीतल्या एका मुलाकडे. त्याचं नाव मी सांगणार नाही. मुलगा हुशार, गणितात पहिला. त्यानं मान खाली घातली. आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेत आलाच नाही.

मुख्याध्यापिकाबाई दोन स्वयंसेवकांना घेऊन त्याच्या घरी गेल्या. आजोबा ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “कुणी गेलं की मला बोलावणं येतं. शाळेतून कधी आलं नाही.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, “पोरांनाही शिकवायचं, की कॉलेजवाल्यांनाच?”

ते यायला लागले. पण गावात कुजबुज सुरू झाली. चार वडीलधारी माणसं शाळेत आली. “सणाच्या दिवशी मयताचं वाद्य कशाला? करगम् आहे, कुम्मी आहे, तेवढं पुरे की.” बाईंनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि कार्यक्रमपत्रिका पुढे ठेवली. “याच्यावर ‘समत्तुव पोंगल’ असं छापलंय. पहिला शब्द खोडू का?” त्यावर कुणी काही बोललं नाही. बोललं नाही म्हणजे पटलं असं नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर तालीम टाकीच्या मागे चालली होती.

मी गेले तेव्हा आजोबा एका ताईच्या मनगटाला धरून काठी कशी सैल सोडायची ते दाखवत होते. कॉलेजची सगळी मुलं त्यांना ‘आसान’ म्हणत. तुम्ही हिंदीतला ‘आसान’ समजाल, पण इथं तो सोपा नव्हे हं! तमिळमध्ये आसान म्हणजे गुरू, उस्ताद. “आसान, हे बरोबर आहे का?” “आसान, पुन्हा दाखवा ना.” पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं त्यांच्यापुढे अशी हात जोडून उभी. आणि थोड्या अंतरावर, शेवग्याच्या झाडाला टेकून, तो सातवीतला मुलगा उभा होता. तिसऱ्या दिवसापासून तो परत येऊ लागला होता. तालमीत मात्र नव्हता. नुसता बघत होता. त्याची उजव्या हाताची दोन बोटं झाडाच्या खोडावर हलत होती, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

शुक्रवार, १२ जानेवारी. शाळेचं अंगण पहाटेच शेणानं सारवलेलं, त्यावर कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठीची रांगोळी. तीन विटांची चूल, नवं कोरं मडकं, त्याच्या गळ्यात हळदीचं ओलं रोप बांधलेलं. दोन्हीकडे उसाची उंच कांडं. मडक्यात दूध. सगळी शाळा चुलीभोवती गोळा झाली आणि दुधाकडे टक लावून बसली. आपल्या घरी दूध उतू गेलं की आई काय म्हणते? इथं ते उतू गेलं आणि सगळ्यांनी एकच गिल्ला केला, “पोंगलो पोंगल!” बायकांनी तोंडानं कुलवै घातली, जीभ झरझर हलवत काढायचा तो उंच आवाज. पोंगल या शब्दाचा अर्थच उतू जाणं. आपल्याकडे रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवतात, ते मला आठवलं. मग नवे तांदूळ, मुगाची डाळ, गूळ, तूप, काजू. वासानंच निम्मं पोट भरलं.

नाच सुरू झाले. कुम्मीत बाईंनी मलाही ओढलं. साडी खोचून मी चार फेरे घेतले, एक टाळी पुढे एक मागे करत. खोट्या पायांचा घोडा एकदा पडला, उठला, आणि त्यालाच सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या. करगाट्टमवाल्या अक्कानं रुमाल उचलला तेव्हा एक म्हातारी उठून तिच्या कानशिलांवरून बोटं मोडून गेली.

मग टाकीच्या मागून धूर आला. वाळलेल्या नारळाच्या झावळ्या पेटवून परै शेकत होते. चामडं तापलं की ताणतं आणि आवाज टणत्कारतो, हलगीचंही तसंच. तो धूर पाहून पाहुण्यांतली काही मंडळी उठली. दोन कुटुंबं मुलांना घेऊन गेलीच. एक गृहस्थ खुर्ची उचलून पार मागे जाऊन बसले.

आजोबा पुढे, मागे कॉलेजची सहा मुलं-मुली, त्यांच्यामागे शाळेतली आठ. पहिला ठोका पडला आणि खरं सांगते, माझ्या छातीत तो वाजला. दोन रांगा समोरासमोर आल्या, वाकल्या, उड्या मारत मागे गेल्या. ताल वाढत चालला. आणि मध्येच आजोबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. गळ्यातली परै काढली. शेवग्याच्या झाडाकडे पाहिलं. तोंडानं काहीच बोलले नाहीत.

मुलगा जागचा हलला नाही. सगळं अंगण त्याच्याकडे बघू लागलं, आणि मला वाटलं, अरे देवा, आता हा पळून जाणार. तेवढ्यात कॉलेजच्या एका दादानं हाक मारली, “तंबी, आसानांचा तो शेवटचा ताल आम्हांला जमत नाही रे. तू दाखव.” तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मुलगा आला. पट्टा त्याच्या खांद्याला लांब होत होता, आजोबांनी गाठ मारून तो आखूड केला. पहिले दोन ठोके अगदी हलके. मग त्यानं मान वर केली आणि असं वाजवलं, की पहिलीची ती चिमुरडी बाकावर उभी राहून किंचाळू लागली. कॉलेजची मुलं त्याच्यामागे नाचत होती, गावातल्या अक्का नाचत होत्या, मुख्याध्यापिकाबाई नाचत होत्या. मागे जाऊन बसलेले गृहस्थ नाचले नाहीत. पण त्यांची चप्पल ताल धरत होती, ते मी पाहिलं.

जेवायला केळीची पानं मांडली, तेव्हा आजोबा आपलं पान उचलून पायरीवर जाऊन बसले. सवयच ती. कॉलेजच्या दोन मुली काही न बोलता आपापली पानं घेऊन त्यांच्याजवळ बसल्या. मग बाई गेल्या, मग मी, मग पोरं. थोड्या वेळानं पायरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही आणि मांडलेली पंगत रिकामी पडली!

निघताना तो मुलगा माझ्याजवळ आला. बाईंनी त्याला हलगीबद्दल सांगितलं होतं. “ती पण मयताला वाजवतात का?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, वाजवतात. लग्नालाही वाजवतात, कुस्तीलाही. “आणि वाजवणाऱ्याचा नातू शाळेत जातो का?” मी सांगितलं, माझ्या वर्गात आहेत दोन. त्यानं त्यांची नावं विचारून घेतली.

गावी परतल्यावर त्या दोघांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी घरून एक जुनी हलगी आणली. आम्ही ती नीट बांधून पार्सल केली, सोबत दोघांची चिठ्ठी. पुढच्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, मदुरैकडच्या वेलू आसान या परैवादकांना पद्मश्री जाहीर झाली. ती बातमी वर्तमानपत्रातून कापून आम्ही दुसऱ्या पाकिटात घातली.

हलगीची पोच मात्र कधीच आली होती, बाईंच्या अक्षरात. मुलानं सांगितलं ते त्यांनी इंग्रजीत लिहून पाठवलं होतं. तात्तांनी हलगी शेकून वाजवून पाहिली. आवाज परैपेक्षा बारीक आहे, पण खणखणीत आहे. पट्टा मात्र चुकीच्या बाजूला बांधलाय, तो त्यांनी सोडून नीट बांधला. आणि ती नावं विचारून घेतलेली दोन मुलं कोणता ताल वाजवतात, ते रेकॉर्ड करून पाठवा.